पेरू, पाल आणि प्रमिला सिस्टर

प्रमिला सिस्टरांची आणि माझी ओळख नोकरीच्या चौथ्या दिवशी झाली. त्या पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर एका धडधाकट पोराच्या बापाचं सांत्वन करून मी त्याला घरी पाठवलं असतं.

अमरावतीतलं आमचं डोळ्यांचं इस्पितळ धर्मादाय. मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर बसायची. माझं माहेर वरूडचं, लग्न होऊन अमरावतीत आलेली, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी ही नोकरी धरली. दर मंगळवारी मेळघाटातून पेशंट यायचे. इस्पितळाची गाडी धारणीकडच्या गावागावांतून त्यांना गोळा करून आणायची. त्या मंगळवारी माझ्या खिडकीसमोर एक कोरकू माणूस उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, पायात नव्या चपला, आणि शेजारी एक पोरगा, त्याचा एक डोळा लालभडक. बापाला हिंदी थोडीफार येत असावी, पण गर्दीला तो बिचकला होता.

नाव झालं, गाव झालं. मग मी पोराकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण?"

"कोन," तो म्हणाला.

"हो, पण कोण आहे?"

"कोन." त्याने मान हलवली, म्हणजे तुमचं बरोबर आहे असं.

मला वाटलं, याला कमी ऐकू येतं. नातं राहू दे, वय तरी लिहावं म्हणून मी बोटं उघडमीट करत विचारलं, "किती वर्षं?"

"गेल."

"गेलं? कोण गेलं?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. बाईला समजलं एकदाचं! पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याने मला ठासून सांगितलं, "कोन. गेल."

माझं पेन थांबलं. मागच्या रांगेतली एक बाई हळहळली, "अरे बापा, कोन गेलं वो यायचं?" आमचा शिपाई महादेव पाण्याचा ग्लास घेऊन धावला. मी खिडकीतून हात जोडले आणि म्हटलं, "बसा दादा, आधी बसा." तो बसला. पाणी प्याला, उरलेलं पोराला पाजलं, आणि पुन्हा आम्हा सगळ्यांकडे बघून हसत म्हणाला, "कोन, गेल." घरचं माणूस गेलेलं असताना हा हसतो कसा, या विचाराने मला आणखीच भरून आलं.

तेवढ्यात वॉर्डातून एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीची नर्स फटाफट चपला वाजवत आली. "काय चालू हाय इथं? तेरवीले जमल्यावानी काहून उभे राह्यले सगळे?"

"सिस्टर, यांच्याकडे कोणीतरी गेलं हो."

सिस्टर त्या माणसाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डोक्यावरची पांढरी टोपी कानावर आली. "कोनी नाई गेलं वो बाई! त्यायच्या कोरकूत कोन म्हंजे लेक. अन् गेल म्हंजे दहा. लेक हाय, दहा वर्साचा हाय, असं सांगून राह्यला तो गरीब. अन् तुमी त्याले पानी पाजून राह्यले!"

रांग हसली, महादेव हसला, काहीही न समजता तो बापसुद्धा हसला. पोराने मात्र रिकामा ग्लास पुढे केला. त्याला आणखी पाणी हवं होतं.

"लिही," सिस्टर माझ्या कागदावर बोट आपटत म्हणाल्या. "मुलगा. वय दहा. अन् आयक, शब्द कोन्या घरचा हाय ते पह्यले इचारत जाय. मंग त्याच्यासाठी रड."

पुढची अकरा वर्षं मी त्यांच्यासोबत काढली, आणि हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही.

सिस्टर राहायच्या अकोल्याला. त्यांचे यजमान रेल्वेत होते, घर स्टेशनजवळ. त्या रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून इस्पितळात यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. आमच्या भागात अशी अप-डाऊन करणारी माणसं पुष्कळ. कोणी गाडीत झोपतं, कोणी पत्ते कुटतं, कोणी लसूण सोलतं. सिस्टर समोरच्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारायच्या, "तुमी कोठचे?" माणूस लांबचा निघाला की त्यांचे डोळे चमकायचे. मग दुसरा प्रश्न, "तुमच्यात पाण्याले काय म्हनते? अन् डोक्याले?" माणूस सांगायचा. सांगता सांगता एखादा शब्द असा यायचा, जो आपल्याकडेही आहे, पण भलत्याच अर्थाने. की झालं! अ‍ॅप्रनच्या खिशातून डोळ्यांत टाकायच्या औषधाचं रिकामं खोकं निघायचं. ते फाडून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर त्या शब्द लिहायच्या. एका बाजूला आपला अर्थ, दुसऱ्या बाजूला त्यांचा, आणि खाली सांगणाऱ्याचं गाव.

खोक्यांच्या त्या तुकड्यांनी त्यांचा वॉर्डातला एक खण भरला होता. मी एकदा विचारलं, "सिस्टर, एका वहीत का नाही लिहून ठेवत?"

"वहीत लिहलं का अभ्यास होते," त्या म्हणाल्या. "मले अभ्यास नाई करायचा. मले मजा येते."

मजा नेमकी कसली, तेही त्यांनी एकदा समजावलं. "तुह्या वर्गात दोन सुनीता होत्या का नाई? नाव एकच. एक लंबी, एक बुटकी. एक भांडकुदळ, एक मुकी. त्यायचं एकमेकीशी नातं काय? काईच नाई. तरी हजेरीत नाव आलं का दोघीही उठून उभ्या राहात. तसे हे शब्द. इतके मानसं, इतके मुलुख, अन् तोंडातून निंगनारा आवाज थोडासाच. मंग होते गर्दी. एका आवाजात दोघं-दोघं राह्यतात."

बोलायच्या मात्र त्या सगळ्यांशी आपल्या वऱ्हाडीतच. पेशंटशी, विश्वस्तांशी, डॉक्टरांशीही. पुण्याहून एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. पहिल्याच रविवारी उत्साहाने वॉर्डात शिरले, तर समोरून सिस्टरांचा आवाज, "डॉक्टर, तुमी काहून येऊन राह्यले?" डॉक्टरांचा चेहरा पडला. ते तसेच माझ्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "मी आलेलो त्यांना आवडलं नाही का?" मी म्हटलं, "तसं नाही हो. आज सुट्टी असून का आलात, जरा आराम करा, असं त्या म्हणतायत." डॉक्टर परत आत गेले आणि धीर करून म्हणाले, "सिस्टर, तुमचं ते 'काहून' ऐकून माणूस घाबरतो." सिस्टर म्हणाल्या, "घाबराचं काहून?" वर्षभरात डॉक्टर स्वतःच पेशंटला विचारायला लागले, "डोळा काहून चोळून राह्यले?"

सिस्टरांचं लग्न कसं झालं, ती गोष्ट इस्पितळातल्या प्रत्येकाला पाठ होती. तरी डब्याच्या सुट्टीत कोणी ना कोणी ती पुन्हा मागायचंच.

त्या बार्शीटाकळीच्या. वडील तिथल्या शाळेत मास्तर, बौद्ध कुटुंब, पोरींनी शिकलंच पाहिजे असा घरातला कडक नियम. प्रमिला अकोल्याला नर्सिंग शिकायला रोज छोट्या रुळाच्या गाडीने जायची. परसात एक झाड होतं, त्याची फळं ती मैत्रिणींसाठी पिशवीत घालून न्यायची. एका सकाळी अकोल्याच्या फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन ती मैत्रिणीची वाट बघत बसली होती. तेव्हा रेल्वेच्या निळ्या कपड्यातला एक उंच तरुण समोर आला. हे नरसय्या. निजामाबादकडून नुकतीच बदली होऊन आलेले. त्या गाडीने तेलुगू बोलणारी बरीच कुटुंबं यायची-जायची. त्यातलीच कोणी असेल असं समजून, की तसं समजल्याचं निमित्त करून, देव जाणे, त्यांनी अदबीनं विचारलं, "मी पेरु एमिटंडी?"

पुढचं सिस्टरांच्याच तोंडून ऐकावं.

"मले काय ऐकू आलं? मी, पेरू. मनात म्हनलं, मानूस उपाशी दिसते, पेरू मांगून राह्यला. मांगाची रीत काई बरोबर नाई, पन उपाशी मानसाची रीत काय पाहाची? देल्ला एक पेरू काढून. त्यानं घेतला. हातात धरून पाहात राह्यला. मंग छातीवर हात ठेवून म्हने, 'ना पेरु नरसय्या.' मी म्हनलं, आता नाई म्हनते! आत्ता मांगला, आता ना पेरू! नसन पायजे तं दे वापस. मी हात पुढे केला, तं त्यानं पेरूचा लचका तोडला! ना पेरू, ना पेरू म्हनते, अन् खाऊन राह्यला!"

दुसऱ्या दिवशी तेच. "मी पेरु?" आणि एक पेरू. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिकीट तपासणारे एक तेलुगू गृहस्थ हा प्रकार बघत उभे होते. त्यांनी पोट धरून हसून घेतलं आणि मग सांगितलं, "बाई, यांच्या भाषेत मी म्हणजे तुमचं, आणि पेरु म्हणजे नाव. तो चार दिवस तुमचं नाव विचारतोय. आणि ना म्हणजे माझं. आपलं नाव नरसय्या असं सांगतोय."

"मंग तुम्ही काय केलं?" कोणीतरी विचारायचंच.

"काय करनार? नाव सांगतलं. इतके पेरू खाऊ घातल्यावर नाव काय लपवाचं?" आणि मग बोट उंचावून, "पन एक ध्यानात ठेवा. आमच्या घरी कोनी पेरू म्हनत नव्हतं. आपल्याकडे जामच म्हनतात. पेरू म्या शाळेच्या पुस्तकात शिकला. मास्तरची पोरगी नसती, तं जामच म्हनत असती. मंग तो बिचारा 'मी पेरु, मी पेरु' करत राह्यला असता, अन् मी त्याले येडा समजून उठून गेली असती. पुस्तकातल्या मराठीनं संसार झाला माहा."

लग्नाच्या गोष्टीला मात्र हसण्यासारखं नव्हतं असं एक टोक होतं. मास्तर वडिलांना जावई परमुलखातला, परभाषेतला नको होता. लग्न बार्शीटाकळीच्या विहारात झालं, पण नंतर चार महिने वडील लेकीशी बोलले नाहीत. नरसय्या दर रविवारी एकटे सासुरवाडीला जायचे. अंगणात बाजेवर बसायचे, कोणी बोललं नाही तरी बसून राहायचे. एका रविवारी त्यांनी बिघडलेला पाण्याचा पंप उघडून दुरुस्त केला आणि हात धुऊन पुन्हा बाजेवर येऊन बसले. तेव्हा मास्तर घरातून म्हणाले, "च्या घेता काय?" त्या दिवशी नरसय्या चार कप चहा प्याले. नको म्हणायला मराठीत काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ते नंतर सांगायचे.

मग निजामाबादकडून सासूबाई आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, सुनेला तेलुगू. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, "पालु! पालु!" सिस्टरांना जगात फक्त पालीची भीती. "म्या पाह्यलंही नाई कोठी हाय ते. स्टुलावर चढली, लुगड्याचा काष्टा आवळला, हाती झाडू. सासू खालून बोट दाखवून 'पालु, पालु!' मी भिंतीवर झाडू आपटून राह्यली, 'कोठी, कोठी?' सासू म्हने पालु, मी म्हनो कोठी. तोवर मांगं चर्र आवाज आला अन् वास सुटला." तेलुगूत पालु म्हणजे दूध. सगळं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. सासूबाई दारातच बसल्या आणि हसायला लागल्या. सून स्टुलावर बसून हसायला लागली. नरसय्या कामावरून आले तेव्हा दोघी हसतच होत्या, आणि चहाला दूध नव्हतं.

"त्या दिवसापासून आमच्या दोघीचं जमलं," सिस्टर सांगायच्या. "त्याच्या आधी मी लय चांगली सून होती. चांगल्या सुनेशी कोन बोलते?"

या सगळ्या मजेच्या खाली एक गोष्ट होती, ती त्या सहसा सांगत नसत. मला त्यांनी ती सांगितली एका दुपारी. मी खिडकीवरून एका कोरकू बाईवर खेकसले होते. ती काही समजावून घेत नव्हती, रांग वाढत होती. सिस्टरांनी ऐकलं, पण तिथे काही बोलल्या नाहीत. डबा खायला बसलो तेव्हा पोळीचा तुकडा हातातच ठेवून त्या म्हणाल्या, "संगीता, आयक."

ते त्यांचं या इस्पितळातलं पहिलं वर्ष. एका म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीपासूनच दिसत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी तिला सगळाच काळोख. तिचा मुलगा तिला सोडून बसने गावी परतला होता. शुद्धीवर आल्यापासून तिने एकच लकडा लावला होता. "ती... ती..."

"म्या इचारलं, आजी, ती कोन? सून पायजे? लेक पायजे? तिनं पुन्हा म्हनलं, ती. म्या म्हनलं, येईन, ती येईन, पडून राहा. अन् मी इचारू, 'ती कोन?' का ते जास्तच तडफडे, 'कोन? कोन?' करत उठून बसे. आता सांग, तुले तं मालूम हाय कोन म्हंजे काय."

"लेक," मी म्हटलं.

"लेक. अन् ती म्हंजे हात."

मी डबा बाजूला सरकवला.

"ते हात मांगून राह्यली होती, वो. अंधारात कोनाचा तरी हात. अन् मी तिले म्हनून राह्यली, ती कोन? तिले काय ऐकू येत असन? हात, लेकाचा. तिले वाटे लेक आला. ते उठून चाचपडे, लोखंडी खाटेले हात आपटे, लेक नाई. पुन्हा निजे. मी पुन्हा जाऊन तेच इचारू. दोन घंटे. शेवटी तिनं पट्टीले हात घातला. पट्टी निंगाली असती तं डोळा गेला असता. तेवढ्यात आमची फुलवंती आली. झाडू माराले होती, धारणीची. तिनं झाडू टाकला अन् म्हने, 'बाई, ते हात मांगून राह्यली. हात द्या ना तिले.'"

सिस्टरांनी हात दिला. म्हातारी त्या क्षणी शांत झाली. दुपारभर तिने तो हात सोडला नाही. बाकीच्या पेशंटचे थेंब दुसऱ्या नर्सने टाकले. सिस्टर जेवायलाही उठल्या नाहीत.

"नर्सिंगले पह्यला नंबर होता माहा," त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्र भिंतीवर लावेल होतं. अन् एक म्हातारी हात मांगून राह्यली, इतकं समजलं नाई मले."

"मग डोळा?"

"वाचला ना! दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. म्हातारीनं पह्यले माहा हात धरला, उलटासुलटा करून पाह्यला. मंग वर तोंडाकडे पाह्यलं. अन् फुलवंतीले काईतरी म्हनली. म्या इचारलं, काय म्हनते? फुलवंती म्हने, बाई, ते म्हनते हात चांगला हाय, तोंड जरा रागीट हाय!" सिस्टर मोठ्यांदा हसल्या आणि राहिलेली पोळी संपवली. "त्या दिवसापासून मी फुलवंतीपाशी शिकाले लागली. रोज एक शब्द. आता जाय, त्या बाईले शोध, अन् तिचं काय म्हननं हाय ते इचार."

ती बाई मला इस्पितळाच्या व्हरांड्यात सापडली. तिला फक्त लघवीला कुठे जायचं ते विचारायचं होतं.

नरसय्या गेले ते सिस्टरांच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी, हृदयविकाराने, काही ध्यानीमनी नसताना. सिस्टर तेराव्या दिवसानंतर कामावर आल्या. महिनाभर औषधाच्या खोक्यांवर काही लिहिलं गेलं नाही. मग एक दिवस त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "घरात तेलुगू बोलाले कोनी नाई राह्यलं, संगीता. भांडाले लागली का आमी आपआपल्या भाषेत भांडो. आता भांडन झालं तरी एकाच भाषेत." एवढंच. त्यानंतर गाडीत समोर बसलेल्यांना त्यांचे प्रश्न पुन्हा सुरू झाले.

एकुलता मुलगा आनंद, तो तोवर जपानला गेला होता, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सिस्टर निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्याने फोनवर सांगितलं, की तो तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. मिहो तिचं नाव. मी तेव्हा त्यांना भेटायला अकोल्याला गेले होते. बार्शीटाकळीहून त्यांची धाकटी बहीण येऊन बसली होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "इथं पोरी नव्हत्या काय वो?"

"माह्या बापानं चार महिने अबोला धरला होता," सिस्टर म्हणाल्या. "चार महिन्यानं त्यालेच पस्तावा झाला. मी चार दिवस तरी कशाले घालवू?"

पण बहीण पाणी आणायला आत गेल्यावर त्या माझ्या जवळ सरकल्या. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं बघत होते. "संगीता, बोलनार काय मी तिच्याशी? साठी झाली. गाडीतल्या मानसाले दोन शब्द इचारनं येगळं. हे तं घरचं मानूस. मुकी सासू होऊन बसू काय मी?"

पुढच्या वेळी गेले तेव्हा भीती पार पळाली होती. फोनवर सुनेचा चेहरा दिसायला लागला, की सिस्टर वऱ्हाडीत सुरू व्हायच्या. "बरी हाय?" पलीकडून मिहो मान लववून म्हणायची, "हाय!" "जेवन झालं हाय?" "हाय!" जपानीत 'हो' म्हणायला हाय म्हणतात. आणि नसलं तर तिकडेही नाय म्हणतात. सिस्टर खुर्चीतून उठून मला सांगत होत्या, "आयुष्यभर एका आवाजात दोन अर्थ शोधले. इथं दोन मुलुख, अन् अर्थही जवळजवळ एकच! हाय अन् नाई. सांग मले, सासूसुनेत आनखी काय बोलनं असते?"

दोन वर्षांनी नात झाली. आनंदने फोन केला तेव्हा नाव सांगताना तो जरा अडखळला. मिहोच्या घरच्यांनी सुचवलं होतं, तिलाही आवडलं होतं, पण आधी आईला विचारावं असं त्याच्या मनात होतं. नाव होतं आई. जपानीत आई म्हणजे माया, प्रेम. मुलींचं हे नाव तिकडे सर्रास असतं.

पलीकडून सिस्टरांचं हसणंच ऐकू आलं, असं आनंदने मला नंतर सांगितलं.

बहिणीने अर्थातच कपाळाला हात लावला. "अवो, नातीले आई म्हनाचं? मंग आनंद तुले काय म्हनन?"

"आईच म्हनन. घरात दोन सुनीता नसतात काय? हाक मारली का दोघी ओ देऊ."

त्या नातीला बघायला मात्र त्यांना तीन वर्षं वाट बघावी लागली. कधी आनंदला रजा नव्हती, कधी प्रवास बंद होते, कधी सिस्टरांचे गुडघे. अखेर ती तिघं आली, महिनाभर राहिली, आणि जाताना सिस्टरांनाही सोबत घेऊन गेली. आता त्या तिकडेच असतात. मधूनमधून फोन येतो, तिकडच्या भाजीवाल्याचे शब्द मला ऐकवतात.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं, ते ती तिघं आली त्या दिवशी. ठरवून नाही. माझ्या भाचीचं लग्न होतं जळगावला, मी बडनेऱ्याहून गाडीत बसले होते. सकाळी दहाच्या सुमाराला गाडी अकोल्याला थांबली. मी पाय मोकळे करायला दाराशी आले. मुंबईकडून आलेली गाडी पलीकडून नुकतीच सुटली होती आणि फलाटावर उतरलेल्या लोकांची पांगापांग चालली होती.

तेवढ्यात माझ्या ओळखीचा आवाज आला. "आई! वो आई!"

फलाटाच्या मधोमध सिस्टर उभ्या होत्या. पांढरे केस, नवी निळी साडी, पायात गुडघ्यांसाठी घेतलेले जाड तळव्यांचे बूट. मागे आनंद आणि मिहो बॅगा मोजत होते. सिस्टर तोंडाशी हाताचा पुडा करून सगळ्या ताकदीने हाक मारत होत्या, "आई! इकडे ये वो, आई!"

फलाटावरची माणसं थांबून बघायला लागली. पासष्टीची म्हातारी, आणि आईला हाका मारते. बाकावरची एक बाई लगबगीने उठली आणि पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "आजी, बसा. कोठी हरपली आई? मी पोलिसाले सांगू काय?"

तेव्हा चहाच्या टपरीमागून पिवळा फ्रॉक घातलेली तीन वर्षांची एक पोरगी निघाली आणि दोन्ही हात पसरून धावत सुटली. ती थेट सिस्टरांच्या साडीवर येऊन आदळली. सिस्टर धडपडल्या, सावरल्या, आणि बाटलीवाल्या बाईला हसत म्हणाल्या, "सापडली."

माझी गाडी हलली. मी दाराचा दांडा धरून ओरडले, "सिस्टर! सिस्टर!" त्यांनी ऐकलं नाही. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर तिथेच फलाटावर बसल्या होत्या, नातीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होत्या. पोरगी त्यांच्या डोक्याला धरून एका पायावर उभी होती आणि तिच्या भाषेत त्यांना भराभरा काहीतरी सांगत होती, आणि सिस्टर मान वर न करता विचारत होत्या, "काय म्हनलं? पुन्हा म्हन. हळूहळू म्हन."